टेपची दुसरी बाजू

कोकिळाचं माप माझ्या वहीत तीनदा आहे.
कानबाईच्या वेळी कंबर एकतीस.
दिवाळीला साडेबत्तीस.
आता आखाजीला चौतीस,
आणि दंडाला मात्र बाही सैल.

अंगानं भरलेल्या बाईची बाही आधी ताणते,
अमळनेरात एकोणीस वर्षं मशीन मारून एवढं कळलं.
नुसतं पोट वाढतं, हात वाळतात,
तेव्हा मी पेन्सिल कानामागे खोचते
आणि पुढचं माप घेत नाही.

"पाळी?" मी विचारलं, टाचणी ओठांत धरून,
म्हणजे तिला न ऐकल्यासारखं करता यावं.
"येस. मंग दोन महिना नही येस."
परकर न्यायला आलेली चंद्रभागाबाई म्हणाली,
"वायगोळा शे, ओवा खाय."

ओवा खाऊन झाला होता. हिंगाचं पाणी, एरंडेलही.
मळ्यातल्या भरिताच्या पंगतीत
दोन कळण्याच्या भाकरी मोडणारी बाई
चार घासांवर हात धुऊन उठली,
सगळ्या म्हणाल्या, बारीक व्हायला निघाली.
धुळ्याला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद,
नवलनगरपर्यंतही धरवत नाही.

आणि उजवीकडे, खाली,
परकराची नाडी बसते तिथून चार बोटं आत,
दुखणं असं नाही,
कुणी कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवून
विसरून गेल्यासारखं जड.
नवऱ्याजवळ ते जागं होतं का,
हे मी विचारलं तेव्हा तिनं बटणांचा डबा उघडला
आणि पांढऱ्यांतून पांढरी निवडत बसली.

मी काही डॉक्टर नाही.
पण माझी नणंद सिंधू, तीन आखाजींपूर्वी,
झोक्यावरून उतरली ती सरळ उभीच राहिली नाही.
एकाएकी कळ, घाम, ओकारी.
घरचे म्हणाले ऊन लागलं, पन्हं पाजलं.
आत गाठीसकट बीजकोश
झोक्याच्या दोरासारखा पीळ खाऊन बसला होता.
दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली. एक बाजू काढावी लागली.
तसं काही झालं तर पन्ह्याला थांबायचं नाही,
रिक्षा बोलवायची,
हे मी कोकिळाला दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा ओठांतली टाचणी काढून.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाटलीभर पाणी पाजतात
आणि धरून ठेवायला सांगतात.
"आते धर म्हणतस," ती म्हणाली, आणि हसताना
ओटीपोटावर हात ठेवला.

कागदावर लिहून आलं: उजवा बीजकोश, पाण्याची गाठ,
सात पूर्णांक दोन सेंटिमीटर.
"म्हणजे केवढी?"
मी पर्समधून टेप काढला. इंचांत जगलेली बाई मी.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो उलटा केला.
इकडचे आकडे बोटांनी पुसलेले,
तिकडच्या रेघा कोऱ्या, कालच छापल्यासारख्या.
सातावर अंगठा, पुढे दोन बारीक रेघा.
लहानशी मोसंबी.
"इतलीच?" ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, "इतली मोठी?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक गाठी साध्या असतात,
काही तर येतात तशा विरून जातात,
ही काढलेली बरी. रक्ताचा रिपोर्ट सोमवारी.
तोपर्यंत ना रडायचं, ना ओवा खायचा.

ब्लाऊज मशीनवर तसाच आहे.
कंबरेला दोन्हीकडून दीड-दीड इंच माया सोडली आहे,
आत घ्यायचा की उसवून सैल करायचा,
सोमवारनंतर बघू.

रात्री शटर अर्धं ओढून
टेप माझ्याच कंबरेला लावला.
वहीत माझं पान कधी नव्हतंच.
मागच्या पुठ्ठ्यावर, तारीख घालून,
आकडा लिहून ठेवला.